खोट्या डोळ्याला अंधार कळत नाही

कलम ९

*नोकरी सोडल्यापासून एक वर्ष कर्मचाऱ्याने इतर कुठेही कृत्रिम डोळा रंगवू नये, तसेच इथल्या ग्राहकांना स्वतःकडे बोलावू नये.*

मंगळवारी सकाळी अकरा वीसला दोन डोळे जगासमोर आले, आणि बारा वाजायच्या आत त्यांतला खोटा कुठला, हे पोहण्याच्या तलावावरच्या शेंबड्या पोरांनाही कळलं.

फोटोत चेहरा नव्हताच. भुवयांपासून नाकाच्या मध्यापर्यंतची पट्टी, बस्स. सोबत मजकूर: ‘हे काम माझ्या हातचं. पुढच्या महिन्यापासून मी नव्या जागी. जुनी जागा विसरा, तिकडे या.’

ज्याच्या खात्यावर हे झळकलं त्याला सगळे पापणी म्हणत. कृत्रिम डोळे बनवणाऱ्या एका कार्यशाळेतला तो चितारी. कुंचला हातात असला की त्याची पापणी लवत नसे, म्हणून पापणी. त्याच्या नोटिशीच्या नव्वद दिवसांतले शहाऐंशी संपले होते. उरलेले चार एकही नियम न मोडता गेले असते, तर कलम नऊ त्याच्यापुरतं उठणार होतं. तसं करारातच लिहिलं होतं. मग तो दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात लहान मुलांचे डोळे रंगवायला मोकळा. तिथे त्याची बायको परिचारिका होती. पाच वर्षांची मुलगी होती. गेलं वर्षभर तो दोघींना फोनच्या पडद्यावर बघत होता.

फोटोखाली लोकांनी तोंडसुख घेतलं होतं.

‘डावा खोटा! बाहुली बघा, केवढीशी.’

‘अरे, ही तर आपली तीनभुवई!’

‘बाई, तुमचा डोळा खोटा आहे? मग तुम्ही आम्हाला का नाही सांगितलं?’

हे शेवटचं नऊ वर्षांच्या एका मुलीने आईच्या फोनवरून लिहिलं होतं. तीनभुवई म्हणजे तलावावरची पोहण्याची शिक्षिका. डाव्या भुवईच्या मधोमध एक व्रण होता, त्याने भुवईचे दोन तुकडे झालेले, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. भुवई सगळ्यांना ठाऊक होती. भुवईखालचं गुपित तिने सहा वर्षं सख्ख्या भाच्यांनाही कळू दिलं नव्हतं.

ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. काठावरून कुणीतरी फोन पुढे केला. तिने बघितलं, आणि तोंडातली शिट्टी गळून पाण्यात पडली.

धोरण, परिच्छेद ३

*प्रत्येक कर्मचाऱ्याचे समाजमाध्यमावरील खाते कंपनीच्या फोनवरही उघडे असावे. मजकुरावर लक्ष ठेवण्यासाठी.*

चौकशीबाई गुरुवारी आल्या. बावीस वर्षं कामगार न्यायालयात कारकुनी केल्यावर त्या आता कंपन्यांच्या अंतर्गत चौकशा करत. आरोप खरा की खोटा ते ठरवायचं, अहवाल द्यायचा, चालू पडायचं. करारात लिहिलंच होतं, की नियमभंगाची चौकशी बाहेरच्या माणसाकडून व्हावी. म्हणून मालकांनी त्यांना बोलावलं होतं.

मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्या खोलीच्या दारापाशी बाई थबकल्या. आत एक बाई बोलत होती. एकसुरी, पाठ म्हटल्यासारखी. दार वाजवल्याबरोबर आवाज थांबला. आत गेल्या तर अण्णा एकटेच.

“कुणी होतं का आत?”

“छे. बातम्या लावल्या होत्या. या, बसा.”

भरदुपारी पडदे ओढलेले होते. “उजेड टोचतो हल्ली,” अण्णा म्हणाले. सत्तरी उलटलेला, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातला देखणा म्हातारा. त्यांनी तांब्यातून पाणी ओतलं, ते ग्लासाच्या काठात बोट घालून. बोटाला पाणी लागलं तेव्हा तांब्या खाली ठेवला आणि ग्लास बाईंच्या पुढे सरकवला. बाईंनी त्या ग्लासाला काही हात लावला नाही.

बाहेर पावलं वाजली. “मामा, गुडघा परत दुखतोय वाटतं?” अण्णांनी बसल्या जागेवरून विचारलं.

“दुखतोय की!” बाहेरून उत्तर आलं.

“बघा, माझी माणसं मला अशी ठाऊक,” अण्णा म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम कातर झाला. “पापणी अठरा वर्षांचा होता हो आला तेव्हा. कुंचला कसा धरायचा इथपासून मी शिकवलं. पोटच्या पोरासारखा. त्याने असं करावं?”

“तक्रार तुमची, सही तुमची, आणि रडताय पण तुम्हीच.”

“मग हसू का? नियम म्हणजे नियम. वर्षभर दुसरीकडे डोळा रंगवायचा नाही. इथे राहिला तर...” त्यांनी डोळे पुसले. “इथे राहिला तर मी सगळं विसरायला तयार आहे.”

बाईंनी ते वाक्य वहीत लिहिलं. का लिहिलं, ते त्यांनाही तेव्हा सांगता आलं नसतं.

प्रश्नोत्तरे

पापणी, मंगळवारी अकरा वीसला कुठे होतात?

— माझ्या खोलीत. समोर एक आजोबा बसले होते, डोळा करून घ्यायला. दहा ते एक मी जागचा हललो नाही. विचारा त्यांना.

फोन?

— दाराबाहेरच्या खणात. सगळ्यांचे तिथेच असतात. रंगवताना खिशात फोन वाजला तर बुबुळावर रेघ जाते, आणि मग तो डोळा फेकायचाच.

मजकूर आधी लिहून वेळ लावून ठेवता येतो, असं अण्णांचं म्हणणं आहे.

— येत असेल. मला नाही येत.

चार दिवस राहिले होते तुमचे.

— तेच तर! चार दिवस राहिलेला माणूस असलं करेल? हात दाखवून अवलक्षण?

हे कलम कोर्टात टिकेल असं वाटतं तुम्हाला?

— वकील म्हणाला, बहुतेक नाही टिकणार. पण निकाल लागेपर्यंत वर्ष जाईल. रुग्णालयवाले म्हणतात, आधी मोकळीकपत्र आणा, भानगडीचा माणूस आम्हाला नको. मुलगी रोज विचारते, बाबा किती झोपा राहिल्या. मंगळवारी ‘चार’ म्हणालो होतो.



— आणि बाई, एक सांगू? ते काम माझं आहे, पण तो फोटो मी मेलो तरी दाखवला नसता. लाजेने मेलो असतो.

का?

— बाहुली बघा ना. अण्णांचा पहिला धडा: आधी बाहुली बघ, मग रंग. जिवंत डोळ्याची बाहुली उजेडात लहान होते, अंधारात मोठी. मी रंगवतो ती असते तेवढीच राहते. खोट्या डोळ्याला अंधार कळत नाही. म्हणून आम्ही लख्ख उजेडातली बाहुली रंगवतो आणि काम दाखवायचं तर लख्ख उजेडातच दाखवतो. त्या फोटोत एक बाहुली वाटाण्याएवढी आणि एक मोहरीएवढी. माझ्या कामाची अशी जाहिरात माझा वैरी करेल.

तुमचा फोन द्या जरा. खातं कुठकुठल्या फोनवर उघडं आहे ते दिसतं ना यात?

— दिसतं? मला काय ठाऊक.

(दिसत होतं. दोन फोन होते. फोटो दुसऱ्यावरून गेला होता.)

दुसरा फोन

कंपनीचा फोन अण्णांच्या टेबलाच्या खणात असे. सूनबाईंनी तो बाईंच्या हातात ठेवला. अण्णांची सून पुढच्या खोलीत बसे. भेटीच्या वेळा, पत्रं, कंपनीचं पान, सगळं तिच्याकडे.

“याच्यात आम्हा सगळ्यांची खाती उघडी आहेत,” ती म्हणाली. “म्हणजे कुणी काही भलतंसलतं टाकलं तर कळावं.”

“आणि कुणालाही कुणाच्याही नावाने टाकता यावं.”

सूनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. “तसा विचारच केला नव्हता हो.”

“कुंपण घातलंत आणि तेच शेत खायला लागलं. या फोनला हात कोणाकोणाचा लागतो?”

“सोमवारी मी सगळ्यांची पानं चाळते. एरवी अण्णांच्या खोलीत असतो. डोळा तयार झाला की शेवटची तपासणी अण्णा करतात, ‘अण्णांची नजर’ म्हणतो आम्ही तिला. त्यांनी ‘ठीक’ म्हटल्याशिवाय डोळा बाहेर जात नाही. तेव्हा ते याच फोनने पट्टीचा फोटो घेतात. चेहरा घ्यायचा नाही, नाव घालायचं नाही, असा नियमच आहे. मग मी क्रमांक घालून संगणकात ठेवते. आणि साचे ओतणारे मामा खोली झाडायला जातात. झालं, तिघंच.”

“अक्षरं केवढी ही!” फोनच्या पडद्यावर एका वेळी जेमतेम तीन शब्द मावत होते.

“अण्णांना चष्मा शोधायचा कंटाळा.”

“सूनबाई, पापणी गेला तर तुमचं काय?”

ती म्हणाली, “खरं सांगू? सुटका. अण्णांचं वय झालं. हे बंद करून आम्हाला ही जागा भाड्याने द्यायची आहे. तो गेला तर अण्णा ऐकतील. त्याला अडकवून मला काय मिळणार?”

खोटं बोलायचं असतं तर माणूस यापेक्षा बरं काहीतरी बोलला असता.

साचे

मामा साच्यांच्या खोलीत होते. कोपरापर्यंत प्लास्टरने पांढरे.

“मी?” ते खो खो हसले. “बाई, मला फोनवर हिरवं बटण आणि लाल बटण एवढंच कळतं. आणि पापणीचं वाईट मी चिंतू? रुग्णालयात साचे ओतायला माणूस लागणारच. तो गेला की महिन्याभराने मीपण जाणार होतो त्याच्या मागनं. अण्णांना सांगू नका हं!”

“अण्णांना ठाऊक नाही?”

“सांगायची छाती नाही झाली. पापणीची नोटीस मिळाली तेव्हा आठ दिवस जेवले नव्हते धड. म्हणाले, मामा, माझे डोळेच चाललेत. किती जीव असेल बघा त्या पोरावर!”

बाई दारात थांबल्या. वळल्या. “नेमकं काय म्हणाले?”

“माझे डोळेच चाललेत.”

तीनभुवई

तलाव रिकामा होता. शिक्षिका काठावर पाय सोडून बसली होती, डोळ्यांवर काळा चष्मा.

“तीन दिवस झाले, मी क्लास घेतलेला नाही. पोरं दाराशी येऊन जातात. मला त्यांच्यासमोर उभंच राहवत नाही. एक आई म्हणाली, एका डोळ्याच्या बाईच्या भरवशावर पोरं पाण्यात कशी सोडायची? सहा वर्षांत एकाच्या नाकात पाणी जाऊ दिलं नाही मी!”

“इथला डोळा कधी केला?”

“आठ महिने झाले. आधी दुसरीकडे करायचे, ते गृहस्थ निवृत्त झाले. हा डोळा बसवल्यावर मी आरशासमोर रडले हो. इतका माझा होता. फक्त अंधुक जागी मी कुणाच्या समोर बसत नाही. उजेड कमी झाला की समोरच्याला फरक दिसतो. म्हणून क्लास सगळे सकाळचे.”

“आणि तो फोटो घेतला कुठे?”

“मालकांच्या खोलीत. सोमवारीच पॉलिश करून घ्यायला गेले होते, तेव्हा. मी म्हटलंसुद्धा, पडदा उघडा ना. ते म्हणाले, लागत नाही. माझ्या हनुवटीला हात लावून चेहरा सरळ केला, फोटो काढला आणि म्हणाले, ठीक.” तिने चष्मा काढला. एक बाहुली उन्हाने आकसली होती; दुसरी तितकीच, बरोब्बर तितकीच होती. दोन्ही डोळे भरले होते. “बाई, कुणी केलं हे? माझं काय वाकडं होतं त्याच्याशी?”

बाईंनी वहीत ‘पडदा’ एवढंच लिहिलं आणि त्या कार्यशाळेकडे परत निघाल्या.

पट्ट्या

संगणकात सातशे अकरा पट्ट्या होत्या. बाईंनी जुनीपासून सुरुवात केली. दोन डोळे, सारख्या बाहुल्या. दोन डोळे, सारख्या बाहुल्या. शंभर, दोनशे, चारशे. खोटा कुठला ते ओळखता येईना.

मग सहाशे चौतिसावी. एक मोठी, एक लहान.

सहाशे पस्तिसावी. एक मोठी, एक लहान.

तिथून शेवटपर्यंत सगळ्या.

“सूनबाई, ही सहाशे चौतिसावी कधीची?”

“चौदा महिने झाले.”

“तुम्हाला काही वेगळं दिसलं नाही?”

“मी क्रमांक घालते हो. बघत कोण बसतं?”

कलम १२

*चौकशी अधिकाऱ्यास योग्य वाटल्यास संबंधित सर्वांना एकत्र बोलावता येईल.*

शुक्रवारी सकाळी अकराला अण्णांच्या खोलीत पाच जण होते, बाई सहाव्या. तीनभुवई दाराशी, काळ्या चष्म्यात. पापणी भिंतीला टेकून. सूनबाई आणि मामा बाकावर. अण्णा टेबलामागे.

बाईंनी आत येताच सरळ खिडकीपाशी जाऊन पडदे उघडले. उजेड भसकन आत आला. अण्णांनी तोंड फिरवलं.

टेबलावर त्यांनी एक मोठा छापील कागद अंथरला. तोच फोटो, वर्तमानपत्राच्या पानाएवढा.

“अण्णा, अहवालात मी लिहिणार आहे, की ज्याने हे केलं त्याला या बाईंची बदनामी करायची होती.”

“नाही, नाही!” अण्णा एकदम बोलले. “बदनामी कशाला? चेहरा नाही, नाव नाही. कोण ओळखणार? आणि काम असं की खोटा कुठला ते देवालाही सांगता यायचं नाही.”

“हा समोर फोटो आहे. तुम्ही सांगा बघू.”

अण्णा वाकले. कागदावरून त्यांनी हात फिरवला, जणू सुरकुती काढताहेत. मान डोलावली.

“कुणालाच नाही सांगता येणार. बघा ना. दोन्ही अगदी सारखे.”

कागदावर एक बाहुली बशीएवढी होती आणि एक बटणाएवढी.

“आणि भुवई?” बाईंनी हळूच विचारलं.

“भुवईला काय झालं?” अण्णा म्हणाले.

मामांच्या तोंडून ‘अरे देवा’ असा आवाज निघाला. सूनबाईंनी तोंडावर पदर धरावा तसा हात धरला. पापणी भिंतीपासून सुटून दोन पावलं पुढे आला, आणि कुणीही कधी पाहिलं नव्हतं ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच्या पापण्या भराभर लवत होत्या.

“दोन तुकडे आहेत भुवईचे,” बाई म्हणाल्या. “डोळस माणसाने हा फोटो निवडलाच नसता. पापणीला बाहुल्यांची लाज वाटली असती. सूनबाईंना, मामांना भुवई दिसली असती. या फोटोतली एकही गोष्ट ज्याला दिसली नाही, त्याने हा टाकला. चौदा महिन्यांपूर्वी या खोलीचे पडदे बंद झाले. कारण उजेडाने डोळ्यांत नुसती चकाकी भरायची आणि त्यात होतं नव्हतं तेही पुसून जायचं. तुम्ही पाणी ओतता ते बोटाने मोजून. माणसं ओळखता ती पावलांवरून. काल मी बाहेर ऐकलं ती बातम्यांची बाई नव्हती, हा फोन तुम्हाला पडद्यावरचं वाचून दाखवत होता. तुम्ही बोलायचं, त्याने लिहायचं, त्यानेच परत वाचून दाखवायचं. किती उरलंय, अण्णा?”

अण्णांनी तोंड उजेडाकडेच केलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“कडेकडेचं थोडं. तोंड म्हणून समोर एक डाग दिसतो.”

“अण्णा,” पापणी म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. “अण्णा, तुम्ही?”

“वर्षभर तुला कुठे जाता आलं नसतं रे. एवढंच हवं होतं. कलम नऊ लागलं असतं, मी मोठ्या मनाने माफ केलं असतं, तू इथेच राहिला असतास. तू गेलास तर दुसऱ्या दिवशी जगाला कळलं असतं की या खोलीत नजर नाहीच. डोळे करणाऱ्याचे डोळे गेले, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?”

“आणि माझ्या कामाला ‘ठीक’ म्हणायचात ते? चौदा महिने?”

“तुझ्या हातावर विश्वास होता.”

“विश्वास!” पापणी ओरडला. “तुम्ही ‘पुन्हा’ म्हणायचात! एकेक डोळा दोनदोनदा परत पाठवायचात! तुमच्या एका ‘ठीक’साठी मी चांगली बुबुळं खरवडून तिसऱ्यांदा रंगवली! मुलीच्या वाढदिवसाला गेलो नाही!”

“पहिल्याच वेळी ठीक म्हटलं असतं,” अण्णा अगदी हळू बोलले, “तर तुला संशय आला असता. मी पूर्वी कधी पहिल्यांदा ठीक म्हणायचो?”

मामा स्वतःच्या पांढऱ्या हातांकडे बघत राहिले. चौकशीबाईंनी बावीस वर्षांत खोट्या सह्या पाहिल्या होत्या, खोटे दाखले पाहिले होते. पण असा खोटा ‘पुन्हा’ त्यांच्या पाहण्यात नव्हता.

दाराशी काळा चष्मा हलला.

“माझाच का?” तीनभुवईने विचारलं. “सातशे फोटो आहेत म्हणे. माझाच का निवडलात?”

अण्णांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. “निवडला नाही. फोनमध्ये शेवटचा होता.”

“एवढंच?”

“एवढंच.”

तिने चष्मा काढला, मिटला आणि खिशात ठेवला. “मला वाटत होतं, माझा कुणी वैरी आहे,” ती म्हणाली. “वैरी असता तर बरं झालं असतं.” आणि ती गेली.

धोरण, परिच्छेद ३ (रद्द)

अहवाल दीड पानाचा झाला. आरोप सिद्ध होत नाही. नियमभंग कर्मचाऱ्याने केलेला नाही; तक्रारदाराने केला. सगळी खाती कंपनीच्या फोनवरून आजच्या आज बंद करावीत. ज्या ग्राहकाची पट्टी बाहेर गेली, तिची लेखी माफी मागावी. माफीचं पत्र तलावावर लावायचं की फाडायचं, ते तिने ठरवावं.

तिने ते फाडलं. शनिवारी सकाळी क्लास घेतला, चष्म्याशिवाय. चौदापैकी नऊ पोरं आली. त्यांतल्या एकीने पाण्यातूनच विचारलं, “बाई, या डोळ्याला पाणी चुरचुरतं का?” “नाही,” ती म्हणाली. “मग तुमची मज्जाय!” असं म्हणून ती पोरगी बुडी मारून गेली आणि तळाशी पडलेली शिट्टी घेऊन वर आली. हे चौकशीबाईंना नंतर कळलं.

शनिवारीच दुपारी मोकळीकपत्रावर सही व्हायची होती. सही अण्णांचीच लागत होती. कार्यशाळा अजून त्यांच्या नावावर होती. बाईंनी तीन प्रती टेबलावर ठेवल्या. पडदे उघडेच होते. पापणी उभा होता, खांद्याला पिशवी, पिशवीत स्वतःचे कुंचले. गाडी चारची होती.

अण्णांनी पेन घेतलं आणि ते कागदाच्या वर हवेत थांबलं.

शेवटी पापणीच पुढे झाला. त्याने अण्णांचं मनगट धरलं, अण्णांनी वीस वर्षांपूर्वी त्याचं धरलं असेल तसं, आणि पेनाचं टोक रेघेवर आणून ठेवलं.

“इथे, अण्णा.”

अण्णांनी सही केली. “ठीक आहे?”

पापणी कागदाकडे बघत राहिला.

“पुन्हा,” तो म्हणाला.

दुसरी प्रत पुढे आली. मनगट, टोक, रेघ. सही.

“आता?”

“पुन्हा.”

चौकशीबाईंनी पहिली प्रत उचलून पाहिली. सही रेघेवर होती. अगदी नेमकी, केसाइतकीही इकडे तिकडे नाही. त्यांनी मान वर केली. पण पापणी त्यांच्याकडे बघत नव्हता, आणि अण्णांना तर कुणाकडेच बघता येत नव्हतं.

तिसरी सही झाली. अण्णांनी पेन खाली ठेवलं आणि वाट बघत बसले, दोन्ही हात मांडीवर घेऊन, पहिल्या दिवशीच्या शिकाऊ पोरासारखे.

पापणीने कागदाची घडी केली. पिशवीत ठेवली. दारापर्यंत गेला.

“ठीक,” तो म्हणाला, आणि त्याची पावलं अण्णा जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत राहिले.